मशीन म्हणजे नुसता कालवा? नव्या श्रवणयंत्राचे पहिले सहा आठवडे

“सर, मशीन म्हंजी नुसता कालवा हाय. ठिवलं पेटीत.”

अंबाजोगाईच्या बसस्थानकावर माजलगावकडचे आबा भेटले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, वय ७४. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये त्यांच्या खात्यावर आले, मुलानं पदरचे घातले आणि श्रवणयंत्र घेऊन दिलं. चार दिवस लावलं, पाचव्या दिवशी पेटीत गेलं. आता सगळं घर पुन्हा त्यांच्याशी ओरडून बोलतं आणि ते ‘हूं’ म्हणून वेळ मारून नेतात.

मी त्यांना बोल लावला नाही. माझं स्वतःचं मशीन पहिले बारा दिवस चष्म्याच्या रिकाम्या घरात पडून होतं. आणि मी तर ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. ध्वनीचा धडा दरवर्षी घेतलेला.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातून घ्यायच्या वस्तूंमध्ये चष्मा आहे, काठी आहे, कमरेचा पट्टा आहे, व्हीलचेअर आहे आणि श्रवणयंत्रही आहे. माझ्या मते श्रवणयंत्र या पंगतीत चुकून बसलंय. काठी हातात घेतली की त्याच पावलाला आधार मिळतो. चष्मा नाकावर ठेवला की पेपरातली अक्षरं जागेवर येतात. श्रवणयंत्र मात्र पहिल्या दिवशी उपयोगापेक्षा तापच जास्त देतं, आणि हे देणाराही सांगत नाही, घेणाराही विचारत नाही. मग माणूस म्हणतो, मशीन खराब आहे.

बहुतेक वेळा मशीन खराब नसतं. नेमकं काय होतं, ते मुळापासून बघू.

“ऐकू येतं, पण समजत नाही”

कमी ऐकणारा माणूस हेच सांगतो आणि घरच्यांना ते ढोंग वाटतं. ढोंग नसतं.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. ती हालचाल पुढं ढकलतात. त्याच्याही आत गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला, द्रवानं भरलेला भाग आहे. त्या शंखात डोक्यावर बारीक तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाची लाट आली की वाऱ्यानं ज्वारी झुकावी तसे हे तुरे झुकतात आणि त्या झुकण्यातून मेंदूकडे विजेचा इशारा जातो. ऐकतो तो मेंदू. कान फक्त निरोप पोचवतो.

शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज पकडतात. अगदी आतल्या टोकाच्या पेशी जाड, घुमणारे आवाज पकडतात. वयानं किंवा गोंगाटानं आधी जातात त्या तोंडाशी असलेल्या. गावाला लागून असलेलं गावंदरीचं रान आधी तुडवलं जातं, तसंच. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा लातूरच्या डाळमिलमध्ये हयात घालवलेल्या माणसांना हे जास्त सांगायला नको. आणि एकदा गेलेल्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गंमत म्हणजे कोंबडीच्या कानात त्या उगवतात. आपल्या नाही.

आता मराठी बोलण्याकडे या. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस. बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो, आणि ते कमी ऐकणाऱ्यालाही येतात. स, श, ख, थ, फ, च ही व्यंजनं बारीक आणि हलकी. अर्थ बराचसा त्यांच्यात असतो. ती गळाली की ‘साठ’चं ‘आठ’ होतं, ‘खत’चं ‘हत’ होतं आणि वाक्यात नुसता घुमारा उरतो. आवाज पोचला, शब्द पोचला नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळातच बारीक, म्हणून तो आधी हरवतो. ‘बायकोचं बोलणं बरोबर ऐकू येत नाही’ या जुन्या विनोदामागे एवढं शरीरशास्त्र आहे. मी हे घरी समजावून पाहिलं. फार उपयोग झाला नाही.

कानाचा ग्राफ

तपासणीत बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळे सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. त्याचा जो आलेख येतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात. मी त्याला नुसता ग्राफ म्हणेन. डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. वरून खाली आवाजाचा जोर, म्हणजे डेसिबल. उजवा कान लाल गोलानं, डावा निळ्या फुलीनं. खूण जितकी खाली, तितका जोर लावल्याशिवाय तो सूर तुम्हाला येत नाही.

माझ्या उजव्या कानाचे आकडे असे (हर्ट्झ म्हणजे सूर किती बारीक त्याचं माप, पुढचा आकडा डेसिबलचा): ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ७०. चारांची सरासरी काढली तर ४९ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ५० म्हणजे मध्यम प्रतीची श्रवणहानी. पण सरासरीत खरी गोष्ट लपते. ग्राफ घाटासारखा उजवीकडे खाली उतरत गेलेला आहे, आणि ‘स’, ‘श’ त्या दरीतच आहेत.

म्हणूनच कानाशी येऊन ओरडण्याचा उपयोग होत नाही. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, आणि ते आधीच ऐकू येत होते.

एक गोष्ट ग्राफच्याही आधीची. कानात मळ घट्ट बसलेला असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं, कान वाहत असू शकतो; यांवर उपचार आहेत. म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, मग मशीनचं बघा. आणि एखाद्या कानाला एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘बघू पुढच्या बाजारी’ म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्यात दिवस फार मोलाचे असतात.

मशीन आत बसून काय करतं

पूर्वीची मशीनं सगळेच आवाज सारखेच मोठे करायची. आताचं मशीन ग्राफ बघून काम करतं. तेही साधं नाही, कारण कमी ऐकणाऱ्या कानाची एक विचित्र अडचण आहे. त्याला हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी जास्तच टोचतो. घरातला म्हातारा म्हणतो, ‘मोठ्यानं बोल की!’ आपण मोठ्यानं बोललो की लगेच, ‘बोंबलायलास कशाला?’ दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो.

आकड्यांत सांगतो. चांगल्या कानाला ऐकू येण्यापासून त्रास होण्यापर्यंत साधारण १०० डेसिबलची जागा असते. माझ्या कानाला ४००० हर्ट्झवर ऐकायलाच ७० लागतात आणि शंभराच्या जवळ त्रास होतो. म्हणजे शंभर खणांच्या वाड्यातलं सामान मला तीस खणांच्या घरात बसवायचं आहे.

मशीन ते पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखं बसवतं. ज्याच्या ताटात कमी, त्याला भरपूर वाढायचं. ज्याचं ताट भरलेलं, त्याला नुसतं विचारून पुढं सरकायचं. कुजबुज खूप मोठी होते, साधं बोलणं थोडं मोठं होतं आणि ट्रॅक्टरचा हॉर्न होता तेवढाच राहतो. हे वाढपाचं प्रमाण सूरवार ठरवायला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणारा तज्ज्ञ, मशीन संगणकाला जोडतो. यालाच सगळे ‘सेटिंग’ म्हणतात.

पहिला दिवस: पंखा, पिशवी आणि शेंगदाणे

ऑडिओलॉजिस्टच्या शांत खोलीत मशीन लावलं तेव्हा मला फार भारी वाटलं. ती मुलगी माझ्याकडे पाठ फिरवून बोलली, तरी कळलं. बाहेर रस्त्यावर आलो आणि अंगावर सगळं एकदम कोसळलं. ऑटोचा इंडिकेटर टकटक वाजतो हे मी विसरूनच गेलो होतो. खिशातल्या किल्ल्या, शर्टाची कॉलर, हातातली भाजीची प्लास्टिकची पिशवी. पिशवी तर कुणी कानाशी वाळकी तुराटी मोडावी तशी कडकडत होती. घरी आलो तर पंखा. सोळा वर्षांचा पंखा घरघर करतो हे मला त्या दिवशी कळलं. बायको म्हणाली, सात वर्षं सांगतेय. नळाचं पाणी स्टीलच्या घागरीत पडलं की दचकायचो. जेवताना शेंगदाण्याची चटणी चावली तर डोक्यात खडी फोडल्यासारखं व्हायचं.

आणि स्वतःचा आवाज! रांजणात तोंड घालून कुणीतरी माझ्या नावानं बोलतंय असं वाटायचं.

दोन तासांत डोकं दुखलं. मशीन चष्म्याच्या घरात गेलं.

कालव्याचं पहिलं पाणी

आबांच्या ‘कालवा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक गोंगाट आणि दुसरा पाण्याचा पाट, आणि त्यांना दुसरा माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्यांचं रान पाटपाण्यावर आहे. मी त्यांना विचारलं, बऱ्याच दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं की आधी काय येतं? म्हणाले, “काय येतंय! पाचोळा, प्लास्टिक, गाळ. टेलाला पाणी पोचायला तर चार दिवस.”

कानापासून मेंदूपर्यंतची वाट अशीच असते. बारीक आवाज वर्षानुवर्षं त्या वाटेनं आलेच नाहीत, म्हणून मेंदूला त्यांची ओळख राहिली नाही. मशीन लावलं की सगळं एकदम सुटतं आणि त्यात आधी लक्ष जातं ते पाचोळ्याकडे: पंखा, पिशवी, चपलांची फटफट.

चांगल्या कानाच्या माणसालाही पंख्याचा आवाज येत असतोच. हे वाचताना तुमच्याही घरात तो चालू असेल. आता मी म्हटलं म्हणून लक्षात आला. तुमच्या मेंदूनं तो कधीच बिनकामाचा ठरवून बाजूला सारलाय. बसस्थानकाला लागून घर घेतलेल्या माणसाला पहिला महिनाभर रात्री झोप लागत नाही. वर्षानं त्याच्याकडे आलेला पाहुणा जागा राहतो आणि तो घोरत पडतो. कान दोघांचे सारखेच, मेंदूची निवड वेगळी.

ही निवड मेंदू नव्यानं शिकतो, पण रोज ऐकत राहिला तरच. साध्या घरगुती आवाजांचा त्रास बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत उतरतो. स्वतःचा आवाज त्याच सुमारास आपला वाटू लागतो. बोलण्यातले शब्द वेगळे काढणं त्यानंतर जमतं, आणि त्यात सुधारणा कित्येक महिने होत राहते. हे माहीत असल्यामुळे चांगले ऑडिओलॉजिस्ट सुरुवातीला मुद्दाम गरजेपेक्षा कमी आवाज ठेवतात आणि पुढच्या फेऱ्यांत वाढवत नेतात. म्हणून पहिलं सेटिंग शेवटचं नसतं. आबांनी परत न जाता मशीन पेटीत टाकलं, तिथंच घोटाळा झाला.

माझी चोरी कशी पकडली गेली

पंधरा दिवसांनी मी तपासणीला गेलो. ऑडिओलॉजिस्टनं विचारलं, “सर, रोज लावता ना?” मी म्हटलं, लावतो की. तिनं मशीन संगणकाला जोडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. “सरासरी दिवसाला पंचवीस मिनिटं दिसतायत, सर.”

मशीन किती तास चालू होतं याची नोंद त्यातच होत असते. गृहपाठ न करता ‘वही घरी राहिली’ म्हणणाऱ्या मुलांकडे मी तीस वर्षं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं ती मला पाहत होती.

त्या दिवसापासून शिस्त लावली. पहिला आठवडा घरातच, सकाळी दोन-तीन तास, समोर एकच माणूस. नात पेपर वाचायची, मी तोच मजकूर डोळ्यांनी बघत ऐकायचो. दोन दिवसांनी पेपर न बघता. सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्याही फार उपयोगाच्या, कारण निवेदक स्पष्ट बोलतो आणि मागं संगीत नसतं. टीव्हीवरच्या मालिकांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यात शब्दापेक्षा ढॅण-ढॅणच जास्त. दुसऱ्या आठवड्यात ओट्यावर दोघा-तिघांत बसलो. मग किराणा दुकान, मग मंडई. योगेश्वरीच्या आरतीला चौथ्या आठवड्यात गेलो. घंटा आणि नगारा सुरू झाल्यावर हात आपोआप मशीनकडे गेला, पण वाढप्यानं हात आखडता घेतलेला होता. सोसवलं. सहाव्या आठवड्यापर्यंत सकाळच्या आंघोळीनंतर लावायचं ते रात्री झोपतानाच काढायचं, असं झालं.

काही ऑडिओलॉजिस्ट पहिल्या दिवसापासून दिवसभर लावायला सांगतात. तेही चालतं, ज्याला जे झेपेल ते. एकच रीत हमखास फसते: एरवी पेटीत आणि लग्नकार्याला तेवढं कानात. न सरावलेल्या मेंदूला सगळ्यात अवघड पेपर पहिल्याच दिवशी द्यायचा, आणि तो नापास झाला की शाळेला नावं ठेवायची.

काय सोसायचं आणि काय सोसायचं नाही

‘सवय होईल’ या शब्दाखाली काही दुकानदार सगळंच ढकलून देतात. ते खरं नाही. पंख्याची घरघर, भांड्यांचा कर्कशपणा, संध्याकाळचा थकवा हे काही आठवडे सोसायचं. पण मशीन कानात दुखतंय, कान लाल झालाय, खाज सुटली, पाणी येतंय, तर काढून ठेवा आणि दाखवायला जा. कुठलाही आवाज सरळ वेदना देत असेल तर तेही सोसायचं नाही; जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणता येते.

शिट्टीचं वेगळं. लाऊडस्पीकरसमोर माईक गेला की तो कसा किंचाळतो? कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येऊन मशीनच्याच माईकमध्ये शिरला की तेच होतं. कानाशी तळहात नेला किंवा नातवानं मिठी मारली की क्षणभर होणारी शिट्टी चालायचीच. पण नुसतं बसलेलं असताना, जेवताना शिट्टी वाजत असेल तर मशीन नीट बसलेलं नाही, कानातलं रबरी टोपण, म्हणजे डोम, मापाचं नाही किंवा कानात मळ आहे. तिन्हीवर इलाज आहे.

रांजणातल्या आवाजाचं कारण घरीच बघा. दोन्ही कानांत बोटं घालून ‘ऊऊ’ म्हणा. घुमलं? आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, आणि कानाचं तोंड बंद असलं की तो बाहेर निसटत नाही. छिद्रांचा डोम किंवा कानाच्या मापाच्या साच्यात बारीक नळी दिली की घुमणं कमी होतं. माझं झालं. ज्यांना जाड सूरही कमी ऐकू येतात त्यांना कान जास्त बंद ठेवावा लागतो. त्यांना थोडं घुमणं अंगवळणी पाडावं लागतं.

तक्रार सांगताना ‘बरोबर नाही’ एवढंच म्हणू नका. मी वहीत लिहून न्यायचो: ‘कुकरची शिट्टी टोचते’, ‘नातीचं कळतं, मुलाचं घुमतं’, ‘फोनवर काहीच नाही’. त्यावरून कुठला सूर किती हलवायचा हे त्यांना समजतं. फोनचं तर दोन मिनिटांत सुटलं. मशीनचा माईक कानाच्या मागं, वरच्या बाजूला आहे आणि मी फोन कानाच्या भोकाशी धरत होतो. थोडा वर सरकवला, झालं.

“मशीनची सवय लागली की उरलेला कानही जातो”

हे मला निदान दहा जणांनी सांगितलं. ग्राफप्रमाणे लावलेल्या मशीननं कान बिघडत नाही, कारण कमाल आवाजाला मर्यादा घातलेली असते. मग असं वाटतं का? महिनाभर मशीन लावून एकदा काढलं की सगळं फारच दबलेलं वाटतं. ते आधीही तेवढंच दबलेलं होतं. आता तुलना करायला काहीतरी मिळालं. शिवाय वय आपलं काम करतच असतं, मशीन लावा किंवा नका लावू.

धोका आहे तो दुसऱ्याच्या मशीनचा. घरातलं माणूस गेलं की त्याची काठी वापरतात तसं मशीनही काका-मामाला देतात. ते त्यांच्या ग्राफसाठी लावलेलं असतं. तुमच्या कानाला ते फार जोराचं असू शकतं. द्यायचंच असेल तर आधी ग्राफ आणि नवं सेटिंग.

दुसरी एक भीती आता उलट्या बाजूनं दाखवतात: मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका अमेरिकी चाचणीचे निकाल आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ जण, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर मशीनवाल्यांच्या आणि इतरांच्या बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीच जास्त धोका होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे आशेला जागा आहे, हमीला नाही. हमी देऊन मशीन विकणारा भेटला तर दुकान बदला.

तीन हजारांत भागतं का

ऑनलाइन हजार-आठशेला मिळतं ते बहुतेकदा श्रवणयंत्र नसतं, नुसता आवाज वाढवणारा डबा असतो. सगळ्या ताटांत सारखंच वाढणारा वाढपी. पंखाही मोठा, ट्रॅक्टरही मोठा. आबांचा कालवा त्यातलाच असेल का, हे मशीन बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

खऱ्या मशीनची किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि दोन कानांची जोडी लाखांत जाते. महागड्यात गोंगाट वेगळा काढायची हुशारी जास्त, फोनला जोडायची सोय जास्त. पण चुकीच्या सेटिंगचं लाखाचं मशीन बरोबर सेटिंगच्या साध्या मशीनपुढं हरतं. एक चूक आपल्याकडे फार होते. मुलगा पुण्याला, तो तिथून भारीतलं मशीन आणतो, बाप राहतो केज किंवा गंगाखेड तालुक्यात. दर सेटिंगला पुण्याची चक्कर कोण मारणार? दोन-तीन तासांत जाऊन येता येईल अशा ठिकाणीच घ्या. घेण्याआधी विचारा: काही दिवस घरी लावून बघायला मिळेल का, परत घेता का, पुढच्या सेटिंगचे पैसे वेगळे का. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बिलात लावलेला दिसला तर तेही विचारा.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना यंत्र मिळतं. पण दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘कमी ऐकू येणारा’ हा शिक्का दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या पुढं लागतो. माझ्यासारख्या ४९ वाल्याला प्रमाणपत्र नाही. म्हणजे मशीनची गरज नाही असा अर्थ काढू नका. पाच-सहा वर्षं मी तोच काढत बसलो होतो.

मग लग्नात का कळत नाही?

कारण तिथं चांगल्या कानवाल्यालाही कळत नाही. तो ओठ बघून आणि अंदाजानं भागवतो. पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय, फरशी, डीजे, आणि सगळे एकदम बोलणारे. मशीन तोंडासमोरचा आवाज पुढं आणतं, मागचा थोडा दाबतं, त्यापलीकडे जादू नाही. म्हणून डीजेकडे पाठ करा आणि बोलणाऱ्याकडे तोंड. आणि जवळ जा. बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज तुमच्यापर्यंत सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, तोही फुकट.

घरच्यांना एवढंच सांगणं: दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलू नका. समोर या, नाव घ्या, मग बोला, नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा जोरात म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. आणि ‘जाऊ द्या, काही नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. कमी ऐकणाऱ्याला ते फार लागतं.

राहता राहिली देखभाल. आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम मशीनला सोसत नाही. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आंघोळीला आणि डोक्याला तेल लावताना काढा, तोंडाशी अडकलेला मळ रोज ब्रशनं झाडा. ‘आवाजच येत नाही’ या तक्रारींतल्या कितीतरी त्या मळानंच सुटतात. घड्याळाच्या सेलसारखा दिसणारा त्याचा सेल हवेवर चालतो. वरची चिकटपट्टी काढली की तो सुरू होतो आणि मग मशीन वापरा किंवा नका वापरू, हळूहळू संपतच जातो. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मगच बसवा.

हे लिहिताना आठवलं, की पेटीतल्या मशीनचा सेल एव्हाना मेलेला असणार. आबांना फोन लावला. म्हटलं, पेटीतून काढा, सेल बदला, आणि जिथून घेतलं तिथं माझ्यासोबत चला, सोमवारी. पलीकडून ‘हूं’ आलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘हूं’. वर लिहिलेलं सगळं विसरून मी ओरडलो, “सोमवारी!”

“येतो की,” आबा म्हणाले. “पर बोंबलायलाव कशाला सर?”